मोटारीचे मागील ब्रेक : रचना, बदल व जुळणी

मोटारीच्या अंगी दोन गुण अवश्य असावे लागतात : एक चालण्याचा व दुसरा थांबण्याचा. पहिल्याची वाखाणणी सर्वत्र होते; दुसऱ्याची आठवण बहुधा तो उणा पडल्यावरच होते. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, त्या काळी स्वतःची मोटार असणे ही थोड्यांची गोष्ट होती. आज आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्यास २०२४ सालापर्यंत अहमदनगर जिल्हा असे नाव होते, खेड्यापाड्यांतील अंगणांतही मोटार उभी दिसते. पाथर्डीच्या वाटेवरील करंजी घाट, छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवरील इमामपूर घाट, संगमनेरजवळील चंदनापुरी घाट हे उतार आपल्या नित्याच्या येण्याजाण्यात आहेत. त्यात गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने लादलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या त्याच रस्त्यांवर येतात. अशा ठिकाणी वेळेवर थांबता येणे हे वेगाने चालता येण्याहून अधिक मोलाचे होय.

मागील चाकांतील ड्रम-ब्रेक कसा असतो, त्याचे शू कसे बदलावेत व त्यांची जुळणी कशी करावी, हे या लेखात क्रमाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थ्यांनी हा पाठ समजून घेण्यासाठी वाचावा. हत्यार मात्र वडीलधाऱ्या मनुष्याच्या हाती असावे. ज्यांनी हे काम पूर्वी कधीच केलेले नाही, अशा पालकांनी प्रथम एखाद्या जाणत्या कारागिराच्या शेजारी उभे राहून ते एकदा नीट पाहावे. सर्व लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : दोष जेथे असेल तेथेच दुरुस्ती करावी, दोषाची खूण झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. या वाक्याचा अर्थ पुढे हँडब्रेकच्या प्रकरणी स्पष्ट होईल.

रचना

चाकाच्या धावेवर लाकडी ठोकळा दाबून गाडी आवरावी, ही युक्ती फार जुनी आहे. इंग्लंडातील डार्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ च्या सुमारास घोडागाड्यांसाठी अधिक टिकाऊ ठोकळे बनविण्यास आरंभ केला. पुढे मोटारी आल्या. १९०२ साली फ्रान्समधील लुई रेनॉ यांनी घर्षणाची ही जागा चाकाच्या बाहेरून काढून एका बंद ड्रमच्या पोटात नेली.

हा ड्रम कसा असतो? एक जाड बिडाचे पातेले आडवे करून चाकाच्या आतल्या अंगास बसविले आहे, अशी कल्पना करावी. चाक फिरते तसे ते पातेलेही फिरते. त्याचे तोंड झाकणारी पत्र्याची बॅक प्लेट मात्र स्थिर असते. तिच्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू समोरासमोर बसविलेले असतात व त्यांच्या पाठीवर घर्षणाचा थर, म्हणजे लायनर, चिकटविलेला किंवा रिव्हेटांनी जडविलेला असतो. दोन्ही शूंच्या मध्ये व्हील सिलिंडर असतो. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा नळीतील ब्रेक ऑइलवर दाब येतो. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी शिकलेला आहे. त्या नियमानुसार सिलिंडरातील दोन दट्टे बाहेर सरकतात, शू फाकतात व फिरत्या ड्रमच्या आतील भिंतीस घासतात. पाय उचलला की स्प्रिंगा त्यांना पुन्हा मागे ओढतात.

यात आणखी एक चातुर्य आहे. दाराखाली पाचर सरकली असता दार जितके रेटावे तितकी ती घट्ट बसते. त्याचप्रमाणे ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने तोंड असलेला शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो. दुसऱ्या शूला ही मदत मिळत नाही. यास्तव कित्येक गाड्यांत दोन्ही शूंचे लायनर लांबीने किंवा बसविण्याच्या जागेने भिन्न असतात. ते अदलाबदल करून बसविल्यास ब्रेक नीट चालत नाही.

१९८३ साली आलेली व २०१४ पर्यंत तयार होत असलेली मारुती ८००, तसेच आल्टो व वॅगन आर या आपल्याकडील परिचित गाड्यांत पुढील चाकांस डिस्क-ब्रेक व मागील चाकांस ड्रम-ब्रेक असतात. एस. टी.च्या चालकाने एकदम ब्रेक लावला म्हणजे उतारू पुढे झुकतात. तसाच गाडीचा भारही पुढील चाकांवर येतो. म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढील ब्रेक करतात, व मागील चाकांस स्वस्त, बंदिस्त आणि हँडब्रेक जोडण्यास सोयीचा असा ड्रम पुरेसा होतो. परंतु 'पुरेसा' म्हणजे 'दुर्लक्षिण्याजोगा' नव्हे.

घाटात काय घडते?

१,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदास १० मीटर चालत असता तिच्या अंगी ५०,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट केला की ती चौपट, म्हणजे २,००,००० ज्यूल होते. थांबताना यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने निघते. आता हीच गाडी १०० मीटर खोल उतार उतरली तर सुमारे ९,८०,००० ज्यूल ऊर्जा कोठेतरी जावयास हवी. एवढ्या उष्णतेने तीन लिटर साध्या पाण्यास उकळी येईल! ती सर्व ब्रेकवर टाकली तर ड्रम तापून प्रसरण पावतो व शूंपासून दूर जातो. लायनरची पकड ढिली पडते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्याने हवेतील ओलावा शोषलेला असतो. 'डॉट ३' जातीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दबते. पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. म्हणूनच घाट उतरताना खालचा गिअर घालून इंजिनाकडूनही गाडी आवरावी.

दोष कोठे शोधावा?

हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा फार वर येऊ लागला, पेडल अधिक खोल जाऊ लागले, मागील चाकातून खरखर ऐकू येऊ लागली, किंवा ब्रेक ऑइलची पातळी उतरू लागली, तर मागील ड्रम उघडून पाहावा.

यातील पहिल्या खुणेविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. दांडा वर येतो तेव्हा पुष्कळ लोक त्याच्या केबलचा नट आवळतात. पाच मिनिटांत दांडा खाली येतो व मनास समाधान वाटते. वस्तुतः दांडा वर येण्याचे कारण बहुधा केबल नसून शू झिजणे हे असते. शू झिजल्याने ते व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. केबल ताणून आपण हँडब्रेकची आतील पट्टी तिच्या विश्रांतीच्या जागेवरून उचलून ठेवतो. तेणेकरून कित्येक गाड्यांत आपोआप जुळणी करणारी योजना बंद पडते, शू ड्रमला सतत घासू लागतात, आणि झिजलेला लायनर तसाच राहतो. खूण नाहीशी झाली. दोष मात्र वाढला. म्हणून नियम असा की, आधी शूंची जुळणी करावी, केबलला हात सर्वांत शेवटी लावावा.

पूर्वतयारी

काम सपाट व टणक जमिनीवर करावे. अंगणाची माती भुसभुशीत असेल तर जॅक खचतो. मागील ड्रम काढण्यासाठी हँडब्रेक सोडावाच लागतो. म्हणून पुढील दोन्ही चाकांस पुढून व मागून उटी, म्हणजे लाकडी ठोकळे, लावून गाडी जखडावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. मग जॅकने गाडी उचलून तिचा भार मजबूत लोखंडी स्टँडवर द्यावा. केवळ जॅकच्या, विटांच्या किंवा दगडांच्या आधारावर असलेल्या गाडीखाली हातपाय घालू नयेत, मग काम अर्ध्या मिनिटाचे का असेना.

दुसरी सावधगिरी धुळीची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत, व काही मालात ते आजही असू शकते. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत गेल्यास पुष्कळ वर्षांनी कर्करोगासारखे दुर्धर रोग होतात. म्हणून ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये, कोरड्या फडक्याने झटकू नये. नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, साबणाच्या पाण्याने धूळ भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. लहान मुलांस जवळ येऊ देऊ नये. स्प्रिंगा उडतात, यासाठी डोळ्यांस चष्मा असावा.

खोलणे व पाहणी

एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवली म्हणजे ती आपला नमुना होते. मात्र ती आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट असते हे ध्यानात ठेवावे. खोलण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढावे, किंवा विद्यार्थ्याने कागदावर आकृती काढावी. आमच्या मते आकृती अधिक चांगली, कारण ती काढताना प्रत्येक भाग निरखून पाहावा लागतो.

काही गाड्यांचा ड्रम चाक काढताच बाहेर येतो. काहींत चाकाचे बेअरिंग ड्रममध्येच असते. तेथे मधली टोपी काढून मोठा नट सोडावा लागतो, व परत बसविताना त्यातील खिळ किंवा नट नवा घ्यावा लागतो. ड्रम निघत नसेल तर त्याच्या कडेस झिजून उभारी आलेली असते. अशा वेळी बॅक प्लेटवरील भोकातून जुळणीची दातेरी चक्री सैल करावी, किंवा ड्रमवर त्यासाठी आटे पाडलेली भोके असल्यास त्यांत दोन बोल्ट सारखे आवळीत जावे. घणाचे घाव घालू नयेत, बीड तडकते.

ड्रम निघाल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. लायनरची जाडी गाडीच्या पुस्तकातील मर्यादेपेक्षा कमी नसावी. ड्रमच्या आत खोल चरे किंवा तडे नसावेत, व त्यावर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे तो झिजलेला नसावा. सिलिंडराच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे हलकेच उचलून पाहावीत. आत ओल दिसली तर ऑइल गळत आहे. ऑइल किंवा ग्रीस प्यालेला लायनर धुऊन उपयोगाचा होत नाही. तो बदलावाच लागतो. परंतु केवळ लायनर बदलून गळता सिलिंडर तसाच ठेवणे ही पुन्हा तीच चूक, खूण झाकण्याची. सिलिंडर किंवा नळी बदलणे व नळीतील हवा काढणे हे काम नवशिक्याने घरी न करता जाणत्या कारागिराकडे सोपवावे. आपल्या कामाची सीमा ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

नवे शू बसविणे

शू नेहमी दोन्ही चाकांचे मिळून चारही बदलावेत. एका बाजूस नवे व दुसऱ्या बाजूस जुने ठेवल्यास दोन चाकांची पकड असमान होते, व ओल्या रस्त्यावर गाडीची मागील बाजू घसरू शकते.

प्रथम शूंना प्लेटवर धरून ठेवणाऱ्या खिळी पक्कडीने दाबून फिरवून काढाव्यात, मग स्प्रिंगा, मग हँडब्रेकच्या केबलचे टोक. ड्रम काढलेला असताना कोणीही पेडल दाबू नये. दाबल्यास दट्टे सिलिंडरातून बाहेर पडतात. घरातील मंडळींस हे आधीच बजावून ठेवावे. बॅक प्लेट स्वच्छ करून ज्या उंचवट्यांवर शूच्या कडा टेकतात, तेथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचे अगदी पातळ बोट लावावे. लायनरला ग्रीसचा स्पर्शही होऊ नये. हात धुऊनच नवे शू उचलावेत. डाव्या व उजव्या बाजूच्या दातेरी चक्रीचे आटे पुष्कळदा परस्परविरुद्ध असतात, म्हणून त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. सर्व भाग बसल्यावर आकृतीशी ताडून पाहावे. एकही स्प्रिंग हाती उरता कामा नये.

जुळणी

शू मध्यावर आणून चक्री अशी फिरवावी की ड्रम हाताने सरकवून बसेल, पण फिरविताना किंचित घासेल. यानंतर दुसरी बाजूही याच क्रमाने खोलून, नवे शू घालून पूर्ण करावी. दोन्हीकडचे ड्रम बसले म्हणजे पेडल काही वेळा सावकाश दाबावे. शू आपापल्या जागी स्थिरावतात. चक्री हाताने फिरविण्याची योजना असेल तर बॅक प्लेटच्या भोकातून चाक अडेपर्यंत ती आवळावी, आणि मग चाक मोकळे फिरून केवळ हलकासा स्पर्श ऐकू येईपर्यंत पुस्तकात सांगितले आहे तितके दात मागे घ्यावी. दोन्ही चाकांचे दात सारखेच मोजावेत. आपोआप जुळणी होणाऱ्या गाड्यांत काहींत पेडल वारंवार दाबून, काहींत हँडब्रेक ओढून, तर काहींत मागे जाताना ब्रेक लावून ही जुळणी होते. आपल्या गाडीची रीत पुस्तकात पाहावी.

फार घट्ट ठेवले तर ब्रेक चालता चालता तापतो, लायनर जळतो व इंधन वाया जाते. फार सैल ठेवले तर ऐन वेळी पेडल खोल जाते. एवढे झाल्यावरच हँडब्रेक ओढून पाहावा. शू नीट जुळले असतील तर बहुधा दांडा आपोआप योग्य जागी येतो. तरीही तो वर येत असेल तर, आणि तेव्हाच, केबल जुळवावी.

परीक्षा

आपल्याच अहिल्यानगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. तेथे खास बांधलेल्या चाचणीपथांवर वाहने चालवून पाहिली जातात. नामांकित कारखान्यातून आलेली गाडीही परीक्षेवाचून पास होत नाही, मग अंगणात केलेल्या कामाची परीक्षा का नको?

चाकांचे नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत व गाडी जमिनीवर आल्यावर योग्य जोराने पक्के करावेत. ऑइलची पातळी पाहावी. इंजिन सुरू करून, गाडी हलण्यापूर्वीच, पेडल घट्ट लागते की नाही हे पाहावे. ते मऊ लागल्यास अथवा हळूहळू खाली गेल्यास गाडी अंगणाबाहेर नेऊ नये. मग मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीने गाडी चालवून दोन-चार वेळा थांबवावी, त्यानंतर वेग किंचित वाढवावा. गाडी एका अंगास ओढते काय, एक ड्रम दुसऱ्यापेक्षा अधिक तापतो काय, हे पाहावे. मात्र ड्रमला हात लावू नये, दुरूनच उष्णता जाणवते. सौम्य चढावर हँडब्रेकने गाडी उभी राहते की नाही तेही पाहावे, पण पाय पेडलजवळ ठेवून. नवे शू ड्रमशी एकजीव होण्यास काही दिवस लागतात. त्या काळात घाटाचा प्रवास व जोराचे ब्रेक टाळावेत. पुढे काही दिवसांनी नट व जुळणी पुन्हा एकदा तपासावी.

या परीक्षेच्या वेळी गाडीत चालविणाऱ्यावाचून दुसरे कोणीही बसू नये. विहिरीवरील पंप आपण घरी दुरुस्त केला व तो पुन्हा बिघडला, तर पाणी एक दिवस उशिरा येईल. ब्रेकचे तसे नाही. त्याच्या भरवशावर मागील आसनावर बसलेली आजी, रस्ता ओलांडणारे शाळकरी पोर व उसाच्या गाडीचा बैल हे सर्व असतात, आणि यांपैकी कोणीही आपले काम तपासून पाहिलेले नसते. जे दुसऱ्यास तपासता येत नाही, ते आपणच दोनदा तपासले पाहिजे.

सर्व काम संपल्यावर एका वहीत तारीख, गाडीचे किलोमीटर, लायनरची जुनी जाडी व चक्रीचे मोजलेले दात लिहून ठेवावेत. हे टिपण घरातील विद्यार्थ्याने करावे. पुढील खेपेस दांडा वर येऊ लागला म्हणजे प्रथम पाना न शोधता ती वही उघडावी. दोष कोठे असावा याचा पुष्कळसा उलगडा तेथेच होईल.